न्हाणीघराची कडी

सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं. 'शाळा, संस्था व वसतिगृह यांच्या कार्याविषयी दोन पानी मनोगत पाठवावे' असं त्यात आहे. संस्थेच्या कार्याविषयी अध्यक्ष लिहितीलच, नव्या इमारतीचा फोटोही छापून येईल. मी बाईंविषयी लिहिते. आडनाव लिहायची गरज नाही. वसतिगृहात राहिलेल्या कुठल्याही पोरीला 'बाई' म्हटलं की दुसरं कुणी आठवत नाही. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये.

मी मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरची. दिवाळी झाली की आमचा अख्खा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघायचा. सेठची उचल आधीच घेऊन खर्चही झालेली असायची, ती फिटेपर्यंत सुटका नव्हती. घरं बंद, कोंबड्यासुद्धा सोबत. मुलींची शाळा सुटायची ती इथेच. आई-बा विटा पाडणार, मग लहानग्याला बघायला थोरली पोर हवीच. बाई पाड्यावर आल्या तेव्हा बानं तेच सांगितलं, "हिला नेली नाय तं लहान्याला कोण बघंल?"

बाईंनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. "सेठच्या वहीत तुमच्या नावावर काय लिहिलंय ते वाचता येतं का?" एवढंच विचारलं. बा गप्प. "ही वाचेल," म्हणाल्या आणि आईनं दिलेला कोरा चहा पिऊन पुढच्या घरी गेल्या. भावाला त्या वर्षी आजीकडे ठेवलं आणि मी पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात आले. शिमग्याला बा घरी आला तो हिशेबाची डायरी घेऊनच. एका आठवड्याची खर्ची दोनदा मांडलेली मी त्याला दाखवली. सेठनं पुढे ती वळती केली की नाही, ठाऊक नाही. पण मला भट्टीवर न्यायचं नाव बानं पुन्हा काढलं नाही.

ही रीत बाईंनी कोसबादला उचलली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ती त्यांची कुरणशाळा. बाई तिथे शिकून आलेल्या. वसतिगृहाच्या खोलीत अनुताईंचा फोटो होता, तो कुणाचा हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई पुढे शिकली, हे बाईंनी सांगितलं तेव्हा आमच्यातली एक रडली होती. तिचं लग्न ठरत होतं. नाव लिहीत नाही, ती हे वाचेल.

आता कडीची गोष्ट. वर्गमैत्रिणी हसतील, हसू देत.

1992 साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं बालमृत्यू झाले. त्यानंतर आमच्या भागाकडे मुंबईहून मदतीचा ओघ सुरू झाला. संस्थेचे देणगीदारही वाढले. दिवाळीला खोके यायचे. फ्रॉक, फरसाण, रंगीत खडू, एकदा तर सोनेरी केसांच्या बाहुल्या. मग आम्ही आभाराची पत्रं लिहायची. मजकूर फळ्यावर असायचा, 'आपण पाठविलेली भेट मिळाली. आम्हांस फार आनंद झाला.' तो आम्ही सुवाच्य अक्षरात उतरवायचो. एका वर्षी पत्रांचं काम पहिल्यांदा बाईंकडे आलं. त्यांनी फळा वाचला आणि डस्टर फिरवलं. म्हणाल्या, "आनंद झाला असेल तर आनंद लिहा. आणि काय लागतंय तेही लिहा."

कुणी पेन उचलेना. देणाऱ्याकडे आणखी मागायचं? बाई म्हणाल्या, "मुंबई आपल्या वैतरणेचं पाणी पिते. त्यांनी फ्रॉक दिला म्हणून तुम्ही मान खाली घालून बसू नका."

हे वाक्य मी आजही लोकांना ऐकवते. वैतरणेवरच्या मोडकसागर धरणाचं पाणी मुंबईच्या नळाला, आणि उन्हाळ्यात आमच्या मोखाड्यात टँकर! तेव्हा मात्र मला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. मी आपलं लिहिलं, 'फ्रॉक मोठा होतो, पण पुढच्या वर्षी बसेल. आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. एकीनं दार धरायचं आणि एकीनं अंघोळ करायची. मोठ्या मुलींना फार अडचण होते.' अडचण म्हणजे कसली, ते लिहायची लाज वाटली. बाईंनी पत्र वाचलं, एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि पाकिटात घातलं.

संक्रांतीच्या सुमारास जाडजूड पार्सल आलं. आत कड्या, कोयंडे, स्क्रू, आणि एक चिठ्ठी, 'दारं किती ते लिहिलं नव्हतंस, म्हणून जास्त पाठवतो आहे.' सुतार बाजारच्या दिवशी येणार होता. बाईंना कुठला धीर! पदर खोचला, पेचकस घेतला आणि पहिली कडी स्वतःच बसवली. थोडी तिरकी बसली. ती ढकलून लावायला खांदा लागायचा, पण लागायची. उरलेल्या कड्या शाळेच्या संडासांना गेल्या. त्या महिन्यात आठवी-नववीच्या मुलींचे खाडे कमी झाले, असं बाईंनी हजेरीपट उघडून संस्थेच्या बैठकीत दाखवलं होतं म्हणे. फरसाणानं ते कधी झालं नसतं.

आज मी एसटीत वाहक आहे. बाईंना पहिल्यांदा गणवेशात भेटले तेव्हा त्यांनी तिकिटाचं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि "सुट्ट्यांवरून भांडतेस का गं लोकांशी?" असं विचारलं. भांडते. मुलींच्या निळ्या बसवर ड्यूटी असली की मात्र भांडायचं काम नसतं. मानव विकास कार्यक्रमातल्या या गाड्यांत मुली बारावीपर्यंत फुकट येतात-जातात. सकाळी फाट्याफाट्यावर दप्तरं घेऊन उभ्या असतात. त्यामुळे वसतिगृहात आता गर्दी राहिली नाही. बरंच झालं, पोर रात्री आईजवळ झोपते. तरी मागच्या ओट्यावर अभ्यासाला कुणी नाही हे पाहून मला चुकल्यासारखं झालं. भट्टीवर जाणाऱ्या घरांच्या मुलींना मात्र वसतिगृहाशिवाय अजूनही सोय नाही. बंद घरापुढे बस थांबून काय उपयोग?

एक गोष्ट खटकते, ती लिहिते. हल्ली मदत आली की मुलींच्या हातात देणगीदाराच्या नावाचा फलक देतात आणि रांगेत उभं करून फोटो काढतात. पत्रं कुणी लिहीत नाही. मग कुठल्या दाराला कडी नाही, हे त्या माणसाला कळणार कसं?

समितीनं बाईंना नाशिकहून आणायचं ठरवलंय, छान केलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, तेव्हा व्यासपीठावर त्यांच्या उजव्या बाजूला कुणाला तरी बसवा. आणि शाळेकडे एक मागणी आहे. दहावीचे जादा तास सुटतात आणि त्याच वेळेला आमची शेवटची गाडी निघते. ड्रायव्हर आणि मी थांबतो, पण रोज थांबता येत नाही, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असलं तर थांबेलच असं नाही. जादा तास अर्ध्या तासानं अलीकडे घ्या. ते जमणार नसेल तर गाडीची वेळ बदलण्यासाठी शाळेच्या पत्रावर आगारात अर्ज द्या. अर्ज मी स्वतः नेऊन देते.