पाचवीच्या वर्गातली एक जागा

डोंबिवलीचं कुटुंब. मुलगी चौथीत, मुलगा ज्युनियर केजीच्या वयाचा. आईची नोकरी ठाण्यात, बाबांची ऐरोलीला. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, घरात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका मोठ्या प्रकल्पात टू बीएचके पसंत करून दोन लाख टोकन भरलेलं होतं. अलॉटमेंट लेटर, म्हणजे फ्लॅट दिल्याचं बिल्डरचं पत्र, हातात आल्यावर ते कागद दाखवायला माझ्याकडे आले. मी बिल्डरकडून दलाली घेत नाही, घर घेणाऱ्याकडून ठरलेली फी घेऊन कागद तपासून देते. या कुटुंबाचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही.

प्रकल्प निवडण्याचं त्यांचं मुख्य कारण एकच होतं. "शाळा आतच आहे मॅडम, मुलं चालत जातील." ब्रोशरच्या एका पूर्ण पानावर तीन मजली शाळा, मैदान आणि गणवेशातली मुलं होती. साइट ऑफिसमधल्या मॉडेलवर शाळेच्या दारात बोटभर लांबीची पिवळी बससुद्धा उभी केली होती.

सातबारा, टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) यांत काही खोट नव्हती. अडलं शाळेपाशी. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक टप्प्याची महारेराकडची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची, नोंदणी वेगळी असते, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आपला टॉवर ज्या टप्प्यात आहे त्या नोंदणीत जे लिहिलंय तेच आपल्याला द्यायला बिल्डर बांधील. यांच्या टप्प्याच्या सुविधांच्या यादीत क्लबहाऊस होतं, पोहण्याचा तलाव होता, सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं. शाळा नव्हती. करारनाम्याच्या मसुद्यात सुविधा आणि त्या कधी मिळणार याचं परिशिष्ट असतं, त्यातही नव्हती. मंजूर लेआउटवर मात्र शाळेचा भूखंड होता, तिरप्या रेघा मारलेला. सर्व्हे नंबर घेऊन शहर विकास विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला. महापालिकेच्या विकास आराखड्यात ती जागा प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षित होती.

आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. आरक्षित जागा मालक महापालिकेला देतो आणि बदल्यात एफएसआय (जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (तोच हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) घेतो. किंवा २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे समावेशक आरक्षणाखाली ठरलेला भाग बांधून देतो आणि उरलेला स्वतः वापरतो. तिथे शाळा कधी उभी राहील, कोण चालवेल, कुठल्या माध्यमाची असेल, हे विक्री कार्यालयातला माणूस ठरवत नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. महापालिकेची शाळा झाली तर ती वाईटच असेल असं मला मुळीच म्हणायचं नाही, तिथे जीव तोडून शिकवणारे शिक्षक मी पाहिलेत. पण या कुटुंबाला दाखवलं होतं वेगळंच काहीतरी, आणि चौरस फुटाच्या दरात त्याचे पैसे धरले होते.

मी त्यांना बिल्डरला ईमेल करायला सांगितलं. चारच प्रश्न: शाळेचा भूखंड आज कोणाच्या नावावर आहे, कोणत्या संस्थेशी करार किंवा इरादापत्र झालं आहे, शाळा कोणत्या वर्षी सुरू होणार, आणि हे करारनाम्यात लिहून देणार का. लेखी उत्तर आलंच नाही. फोन आला, की बोलणी वरच्या पातळीवर सुरू आहेत आणि ऑफर रविवारपर्यंतच आहे. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले असतील तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. पण तो निकाल लागेपर्यंत मुलगी दहावीला पोचलेली असेल. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, अशी तरतूद आहे. त्यांच्या हातात अजून आठवडा होता.

त्या आठवड्यात जे केलं, ते प्रत्येक घर घेणाऱ्याने करावं. त्याच प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात लोक राहायला आलेले होते. सकाळी सव्वासहाला गुरुजी आणि मी त्या गेटवर उभे राहिलो. कुठल्या शाळांच्या बस येतात, कितीजण चढतात, मुलांचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं असतं. पहिली बस सहा वीसला आली, पाटलीपाड्याच्या अलीकडच्या शाळेची. बसमधल्या मदतनीस ताईंना गुरुजींनी सरळ विचारलं, "ही मुलं घरी कधी पोचतात?" ताई म्हणाल्या, "इथली पहिली चढतात न् शेवटी उतरतात, बाबा. गायमुखला ट्रक अडकला तर सांगताच येत नाही." पुढच्या बसही मानपाडा, वाघबीळ, माजिवडा याच बाजूच्या. आसपास नव्या शाळा असूनही तिथले बहुतेक पालक मुलांना जुन्या शाळांकडे पाठवत होते. नकाशावर पाच-सहा किलोमीटरचं अंतर दिसतं. पण घोडबंदरला अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शाळा हायवेच्या कुठल्या बाजूला आहे आणि यू-टर्न कुठे आहे, यावर ते ठरतं. त्यात सेवारस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम निघालं, म्हणजे बस थांबायची जागा अवजड वाहनांच्या शेजारी.

मग शाळा तपासल्या. यूडायस प्लस या सरकारी शाळा-माहितीच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेला ११ आकडी कोड असतो, ठाणे जिल्ह्याचा २७२१ ने सुरू होतो. त्या पानावर स्थापनेचं वर्ष, इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, खोल्या हे सगळं सापडतं. मी आधी पट बघते. पहिलीत सहा तुकड्या आणि नववीत दोन असतील, तर एकतर शाळा तरुण आहे किंवा मधल्या वर्गांतून मुलं गळतात. शंभर टक्के निकालाचा फलक पाहिला की नववीचा पट आणि दहावीला बसलेली मुलं यांची तुलना करायची. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. ते कागदावर जुळवणं सोपं असतं. गुरुजींनी शाळेत पट विचारलाच नाही, त्यांनी वह्या मागितल्या. तिसरीच्या दोन वह्या चाळल्या. एका शाळेत पानोपानी सही होती आणि सहीखाली चुकलेलं गणित तसंच होतं. दुसऱ्या शाळेत सह्या कमी, पण चुकीच्या पायरीवर गोल करून बाजूला पुन्हा सोडवून घेतलेलं. ही शाळा वाघबीळची. गुरुजींचं मत तिथेच पक्कं झालं, माझंही.

प्रकल्पाजवळची एक नवी शाळा स्वतःला "सीबीएसई पॅटर्न" म्हणवत होती. हा शब्द दिसला की संलग्नता क्रमांक मागा. बोर्डाच्या संकेतस्थळावर तो नसेल तर शाळा बोर्डाची नाही. बालवर्गांना शिक्षण हक्क कायद्याची मान्यतेची अट लागत नाही, पहिलीपासून लागते. त्यामुळे केजी धूमधडाक्यात सुरू होतं आणि मूल पहिलीत जाताना पालकांना मान्यता नसल्याचं कळतं. अनधिकृत शाळांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. मान्यता न घेता शाळा चालवल्यास १ लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज १० हजार, असं कलम १८ म्हणतं. तरी या शाळा भरतात, कारण त्या घराजवळ असतात.

टोकन परत मिळालं. कुटुंबाने वाघबीळला भाड्याने घर घेतलं. लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं न करता ३६ महिन्यांचं नोंदवून घ्यायला लावलं, म्हणजे शाळेचं वर्ष मधेच मोडत नाही आणि पत्त्याचा पुरावाही पक्का राहतो. मुलाचं जमलं. ३१ डिसेंबरला चार वर्षं पूर्ण होत होती, अर्ज वेळेत भरला, ज्युनियर केजीत प्रवेश मिळाला.

मुलीचं अडलं, आणि माझ्या डोक्यात अडकून बसलंय ते हेच. खासगी शाळेत खरा प्रवेश नर्सरी आणि ज्युनियर केजीला होतो. पुढे तीच मुलं वर सरकतात. पाचवीत जागा निघते ती कोणाची बदली झाली, कोणी घर बदललं तरच, आणि ते एप्रिल-मेपर्यंत शाळेलाही ठाऊक नसतं. त्यात मुलगी राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजी शाळेतली. तिचा निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला मेच्या सुरुवातीला मिळणार, तर वाघबीळच्या सीबीएसई शाळेचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं. ऑफिसात उत्तर मिळालं, "वेटिंग लिस्टला नाव टाका." लिस्टवर नंबर नाही, तारीख नाही.

महारेराच्या पानावर मला दिसतं, की टॉवरमधल्या किती सदनिका विकल्या गेल्या आणि किती शिल्लक आहेत. बिल्डरला ती माहिती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागते. शाळेच्या कुठल्या इयत्तेत किती जागा रिकाम्या आहेत, हे मात्र कुठेही नोंदवावं लागत नाही. यूडायसवर गेल्या वर्षीचा पट दिसतो, यंदाची रिकामी जागा नाही. सव्वा कोटीचं घर माणूस ज्या शाळेसाठी घेतो, त्या शाळेतल्या जागेबद्दल त्याला एक ओळ लेखी मिळत नाही. लेखी मागितली तर शाळेचं ऑफिस आश्चर्याने बघतं. ही माहिती गुप्त ठेवण्यासारखं त्यात काय आहे, मला खरंच कळत नाही. हजेरीपटावर ती रोज समोर असते.

मुलगी सध्या मानपाड्याच्या एका राज्य मंडळाच्या शाळेत आहे. शाळा चांगली आहे, पण सकाळची. भावाची दुपारची. आईने ऑफिसची वेळ बदलून घेतली, दुपारचं आणणं-सोडणं गुरुजी करतात.

घराचा प्रश्न अजून उघडाच आहे. वाघबीळच्या शाळेपासून चालत सात मिनिटांवर एका जुन्या इमारतीत फ्लॅट विकायला आहे. ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) असल्याने ५ टक्के जीएसटी लागणार नाही. एकट्या आईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के. पण जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तर सरकारकडून करून घेण्याचा, अर्ज केलाय का ते सचिवांकडून लेखी मागवलंय. बाबांना तो नवा प्रकल्प पुन्हा खुणावतोय, तिथले दर वाढताहेत म्हणून. गुरुजींचं म्हणणं, नातीला सहावीत जागा मिळते का ते कळल्याशिवाय सही करायची नाही. बाबा मला विचारतात की तिच्या शाळेची पाच-सहा वर्षं उरली आणि घर पंचवीस वर्षांचं, मग वजन कशाला द्यायचं? मी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून दिलाय. त्यात सहावीचा रकाना कोरा आहे, तो शाळा भरेल तेव्हाच भरेल.