पद्मिनीचा व्होल्टमीटर आणि वाटेत हरवलेले दोन व्होल्ट

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९७९ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. इंजिन १०८९ सीसीचं, बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमोच, आल्टरनेटर नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री मुलुंडहून परतताना डिपरचा (हेडलाइटच्या खालच्या, जवळच्या झोताचा) पिवळट डाग बॉनेटच्या पुढे जेमतेम दिसत होता, तेव्हाच ठरवलं की यंदा दिव्यांचं काम काढायचं.

दुकानात सगळे १००/९० वॅटचे (अपर, म्हणजे लांबचा झोत १००, डिपर ९०) बल्ब पुढे करतात. ते मी घेतले नाहीत. ५५ वॅटचा डिपर साडेचार अँपिअर ओढतो, जोडीचे नऊ. ९० वॅटचे टाकले की तेच पंधरा होतात, आणि आमच्या गाडीत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसल्याने तो सगळा करंट पंचेचाळीस वर्षं जुन्या स्विचमधून जाणार. स्विच तापतो, होल्डर वितळतो, उजेड मात्र हवा तेवढा वाढत नाही. म्हणून आधी गाडीचं व्होल्टेज दाखवणारा व्होल्टमीटर बसवायचा आणि मग दिव्यांना हात लावायचा, असा क्रम ठेवला.

५२ मिलिमीटरचा काट्याचा मीटर ऑपेरा हाऊसला मिळाला. वायर, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी), स्लीव्ह लॅमिंग्टन रोडवरून आणली. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही, ही बाबांची एकच अट होती. त्यामुळे पत्र्याच्या खालच्या काठाला क्लॅम्पने पट्टी धरली. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. मीटरची पॉझिटिव्ह इग्निशन ऑन केल्यावरच सप्लाय येणाऱ्या फ्यूजवरून, मध्ये २ अँपिअरचा वेगळा फ्यूज. अर्थ (निगेटिव्हची वायर) थेट बॉडीला, पेंट खरवडून. मीटरच्या आतल्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवर. तासाभराचं काम.

चावी फिरवली तर काटा ११.४ वर! बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर १२.५. मीटर बदलून आणायला निघालेच होते, पण बाबा म्हणाले, "अगं, थांब. फ्यूजबॉक्स उघडून बघ आधी." निमुळत्या टोकांचे ते जुने फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत बसतात, त्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पकड थोडी आवळली आणि काटा १२.३ वर आला. मीटर खरं तेच सांगत होता.

तिथून मग प्रत्येक दिव्यापाशी मल्टिमीटर घेऊन बसले. डिपर चालू असताना हेडलाइटच्या होल्डरवर १०.१, बॅटरीवर १२.२. दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. फिलामेंटच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तरी उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. इथे तर सतरा टक्के कमी. निम्मा उजेड गेलेला होता तो इथे, आणि आम्ही दोष बल्बला देत होतो.

डाव्या हेडलाइटमागचा अर्थचा बोल्ट काढला तेव्हा थिंबलभोवती हिरवी भुकटी साचलेली होती, बोटाला लागली की मऊ, टाल्कमसारखी. खालचा पत्रा तांबूस. मुंबईची खारी हवा हे सगळं करते, आणि वरून बघताना बोल्ट अगदी घट्ट वाटतो. घासून चकचकीत केला, नवं थिंबल वायरवर दाबून बसवलं, वरून ग्रीस.

मग दोन रिले: एक अपरला, एक डिपरला. रिलेच्या पायांवर नंबर असतात. बॅटरीवरून अडीच एमएमची वायर फ्यूजमधून ३० नंबरला, ८७ वरून बल्बला, जुन्या स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो. रिलेचे पाय खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचतं. होल्डर सिरॅमिकचे घेतले. बल्ब तेच साधे ६०/५५ चे, आणि होल्डरवर आता ११.९ मिळतात.

मागच्या दिव्यांची गंमत वेगळीच होती. डावा इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर पार्किंग लाइटही लुकलुकायचा. हे दिसलं की समजावं, लॅम्पची अर्थ गेली आहे आणि करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतोय. डिकीतून हात घालून दोन नट साफ केले, एक जादा अर्थ वायर ओढली, लुकलुक बंद. ब्रेकला २१ वॅटच्या जोडीऐवजी लाल एलईडी टाकले. ट्रॅफिकमध्ये पाय सतत ब्रेकवर असतो, तिथे तीनेक अँपिअर वाचणं डायनॅमोच्या गाडीला फार मोलाचं आहे. लाल काचेमागे लालच एलईडी घ्यावा. पांढरा घेतला तर त्याचा बराचसा उजेड काचेतच अडतो. इंडिकेटर मात्र फिलामेंटचेच ठेवले, कारण जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बल्बच्या लोडवरच टिकटिक करतो.

परवा रात्री एलबीएस रोडवर फिरवून आणली. चालत्या गाडीत काटा १३.६. सिग्नलला डिपर आणि ब्रेक चालू असताना ११.८ वर येतो, ॲक्सिलरेटर किंचित दाबला की परत चढतो. डायनॅमो कमी आरपीएमला एवढंच देतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. वायपर लावला की मात्र काटा ११.२ ला जातो, ते जास्तच वाटतं. रविवारी वायपर मोटरची अर्थ उघडणार आहे. बाबांनी त्यासाठी दोन थिंबल आधीच बाजूला काढून ठेवली आहेत.