तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारची मान मोडली, फेव्हिकॉल लावू का?

नका लावू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका लावू. घरात एक मोडकी गिटार जोडली तेव्हापासून महिन्याला एखादा तरी फोटो येतोच, डोकं लोंबकळतंय, तारांची जाळी झालीये आणि खाली हाच प्रश्न.

आमची म्हणजे मामाची. गिब्सन जे-45, साठच्या दशकातली, मामा न्यूजर्सीला होता तेव्हा त्याने जुनीच घेतलेली आणि परत येताना कपड्यांपेक्षा जास्त जपून आणलेली. मी ती भिंतीला टेकवून चहा टाकायला गेलो, बस. दोन फुटांवरून पडली असेल नसेल, आवाजही फार मोठा नाही, पण उचलली तर डोकं, म्हणजे खुंट्यांचा भाग, तारांच्या ओढीने पुढे वाकलेलं आणि नटच्या (मान संपते तिथली, तारा खाचांत बसतात ती पट्टी) मागे लाकडाचं तोंड उघडलेलं. पुढचा काळा पापुद्रा तेवढा शाबूत होता, त्यावरच सगळं लटकत होतं.

मामाला फोन केला, म्हंटलं गिटार पडली. "तुला लागलं का?" नाही. "तारा सैल केल्यास का?" नाही अजून. "मग फोन काय करतोयस, आधी तारा सैल कर!"

बरोबर होतं त्याचं. लाइट गेजच्या, म्हणजे पातळ जाडीच्या, सहा तारा मिळून साधारण 70 किलोने ओढत असतात, एक अख्खा माणूस डोक्याला लटकलाय असं समजा, आणि मोडल्यावरही तो ओढायचं थांबत नाही, भेग वाढवतच राहतो.

गिब्सनच इतक्या का मोडतात हेही विचारतात लोक. तारा नटवर दाबून बसाव्यात म्हणून डोकं मागे झुकवतात, जुन्या गिब्सनमध्ये बऱ्याचदा 17 अंश. आता मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलं की रेषे मानेत सरळ धावतात पण डोकं वळतं तिथे तिरके बाहेर पडतात, आणि जळणाचं लाकूड जसं रेषेत फाटतं तसं ते तिथे फाटतं. वर नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीच्या, आवळायच्या नटासाठी खड्डा कोरलेला, म्हणजे लाकूड मुळातच कमी. गंमत म्हणजे बऱ्याच स्वस्त गिटारींत डोकं वेगळा तुकडा घेऊन तिरक्या जोडाने चिकटवतात, खर्च वाचवायला, आणि तो जोड इथे जास्त टिकतो!

तर गोंद. फर्निचरला फेव्हिकॉलसारखा जो पांढरा गोंद आपण लावतो तो पक्का असतो, पण सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, कपाटाला ते चालतं, इथे महिन्याभरात भेग डोळा मारते. इपॉक्सी तर नकोच, पुढच्याला दुरुस्तीच करता येत नाही. जुने सुतार तापवून लावायचे तो सरस उत्तम, पण तो इतक्या लवकर थिजतो की नवख्याची तारांबळ उडते. मी पिवळा टाइटबाँड ओरिजिनल वापरला.

खरं काम गोंदाच्या आधीचं. खुंट्या काढल्या, ट्रस रॉडचा नट सैल करून त्याला मेण चोळलं म्हणजे गोंद तिथे धरणार नाही. भेगेला पॉलिश पेपर अजिबात लावला नाही, मोडलेले रेषे एकमेकांत परत जसेच्या तसे बसतात हीच तर त्या जोडाची ताकद. मग कोरडी तालीम. पहिल्यांदा क्लॅम्प आवळला तर डोकं वरच सरकलं, भेग तिरकी ना! दुसऱ्यांदा मानेच्या गोलाईचा लाकडी ठोकळा घासून त्याला कॉर्क लावला, तरी जरासं सरकलं, तिसऱ्यांदा डोक्याच्या टोकाला आडवा एक छोटा क्लॅम्प दिला तेव्हा कुठे भेग केसाएवढी झाली. हे सगळं गोंद लावल्यावर सुचलं असतं तर मेलोच होतो.

गोंद आत पोचवायला आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची पट्टी कापली. डोकं अगदी हलकेच पुढे दाबून भेग उघडायची, पट्टीने गोंद खोलवर सारायचा, आवळायचं. सगळीकडून पिवळी रेघ बाहेर आली म्हणजे आत कुठे कोरडं राहिलं नाही, ती ओल्या फडक्याने पुसली. चोवीस तास पुरतात, पण जुलै होता, मी तीन दिवस हात लावला नाही. मामा रोज फोन करून विचारायचा, पेशंट कसा आहे.

ढलप्या उडून हरवल्या असतील किंवा आधी कोणी काहीतरी ओतून ठेवलं असेल तर घरी हात घालू नका, तिथे खाचा पाडून नवं लाकूड बसवावं लागतं, ते जाणकाराचं काम. आणि किंमत उतरते, कितीही छान जोडलं तरी साधारण निम्म्यावर येते. विकायची असेल तर ते सांगूनच विका.

आमची विकायची नव्हतीच. भेगेची रेघ मी रंगाने झाकलीही नाही. मामा आला, अंगठ्याचं नख त्या रेघेवरून दोनदा फिरवलं, एक जी कॉर्ड वाजवला आणि म्हणाला, "बीची तार खाली आहे रे," आणि माझ्या काळजाचं पाणी होत असताना खुंटी पिळायला लागला.