उभ्या गाडीचा खर्च

आमच्या कॅम्परव्हॅनचे, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या गाडीचे, फोटो पाहिले की लोक दोन गोष्टी विचारतात. केवढ्याला पडली, आणि ॲव्हरेज किती देते? ज्याला खरोखरच अशी गाडी घ्यायची आहे, त्याने याच्या आधी आणखी एक विचारावं. फिरायला जात नाही तेव्हा ती कुठे असते? मुंबईत नोकरी करणाऱ्यांची अशी गाडी वर्षातला बहुतेक काळ उभीच असते. डिझेल, टोल, वाटेतलं खाणंपिणं हे खर्च डोळ्यांसमोर असतात, सगळे धरतात. उभ्या गाडीचा खर्च कोणी धरत नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत मात्र तोच सगळ्यात मोठा आहे.

आमची गाडी फोर्स कंपनीच्या ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली आहे. आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास. मी आणि माझ्या भावाने मिळून ती जुनी विकत घेतली, ती आईसाठी. आईला पार्किन्सन आहे. तिचं माहेर गुहागर तालुक्यात. मुलुंडहून तिथे जायचं म्हणजे दिवसभराचा रस्ता, आणि वाटेतल्या ढाब्याच्या ओल्या, निसरड्या संडासात तिला नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे तिने गावाला जाणंच सोडलं होतं. निघायच्या आदल्या दिवसापासून ती पाणी पिणं कमी करायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गाडीत तिच्या उंचीचं कमोड आहे, धरायला दांडा आहे, आडवं व्हायला पलंग आहे. ती आता गणपतीला गावी जाते. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते गाडीला कंटाळून लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न जागेचा. मुंबईच्या नियमांत मोठ्या कारसाठी पार्किंगची जागा धरली जाते ती अडीच मीटर बाय साडेपाच मीटर. आमची गाडी सहा मीटरच्या आसपास लांब आणि टपावरचा एसी धरून पावणेतीन मीटरहून उंच. स्टिल्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगच्या, बीमखालून ती जात नाही, मॉलच्या पार्किंगच्या आडव्या दांड्याखालून जात नाही, एकावर एक गाड्या चढवणाऱ्या स्टॅक पार्किंगचा तर विषयच नको. आमच्या सोसायटीत मोकळं अंगण आहे, तिथे सुरुवातीला लावून पाहिली. सेक्रेटरी काकांनी दोन दिवसांत फोन केला. त्यांचं म्हणणं होतं, अग्निशमन दलाचा बंब आत यायची वाट अडते. मी टेप घेऊन खाली गेले, मोजलं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. रस्त्यावर लावली तर कोणी आरशाला धक्का देतं, कोणी काचेवर चिठ्ठी चिकटवतं, आणि टोइंगची धास्ती वेगळीच.

शेवटी ठाण्याच्या पलीकडे, भिवंडी रस्त्याला काल्हेरच्या बाजूला, खासगी बसगाड्या लावतात अशा एका आवारात जागा मिळाली. महिना साडेपाच हजार. वर्षाचे सहासष्ट हजार रुपये झाले, आणि यात गाडी एक किलोमीटरही चाललेली नाही. रखवालदाराला दिवाळीचं आणि मधूनमधून चहापाण्याचं द्यावं लागतं ते निराळं. मला ते खटकत नाही, तो माणूस रात्री उठून बघतो.

पैशाहून जास्त जाच अंतराचा. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं ठरलं की आधी कोणीतरी रिक्षाने काल्हेरला जायचं, कशेळीच्या पुलावरची गर्दी पार करायची, गाडी सुरू करून मुलुंडला आणायची. दारात ती थोडाच वेळ उभी राहू शकते. तेवढ्यात आई, तिची औषधं, अंथरुणं, डबे सगळं चढवायचं. परत येताना हेच उलटं. दोन दिवसांच्या सहलीतला अर्धा दिवस गाडी आणण्या-नेण्यात जातो. ‘मनात आलं की निघालो’ हे कॅम्परव्हॅनचं सुख मुंबईत मिळत नाही. जागा घराजवळ असेल तरच ते मिळतं.

मग पाऊस. सांताक्रूझच्या वेधशाळेत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. कंपनीतून आलेल्या गाडीचा टप अखंड पत्र्याचा असतो. कॅम्परव्हॅन बांधताना त्याला भोकं पाडावी लागतात: एसीसाठी एक मोठं, हवेच्या पंख्यासाठी एक, सोलर पॅनलच्या पट्ट्यांसाठी स्क्रूची, वायर आत घ्यायला आणखी एक. प्रत्येक भोकाभोवती फट बुजवणारं सीलंट. ते उन्हाने कडक होतं, गाडीच्या हादऱ्यांनी तडकतं, आणि पाणी भोकाखाली कधीच दिसत नाही. पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्या पोकळीतून ते वाट काढतं आणि भलत्याच कोपऱ्यात उतरतं. आमच्याकडे टपाच्या पुढच्या भागातली गळती मागच्या पलंगाखाली सापडली, तीही वासावरून. तोवर कपाटाचा तळ फुगून आला होता, कारण आधीच्या मालकाने साधं प्लाय वापरलं होतं. गाडीत पाण्याला टिकणारं मरीन प्लायच हवं, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा गादी उचला, कपाटाच्या तळाला हात लावा, नाक आत घालून वास घ्या. रंगरंगोटी नंतर बघा.

आता दर मे महिन्यात भाऊ टपावर चढतो, जुनं सीलंट खरवडतो आणि नवं भरतो. वरून ताडपत्री टाकतो. पण ताडपत्री टाकली की आतली ओल आतच कोंडते आणि गाद्यांना बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यातही उघडीप मिळाली की जाऊन दारं-खिडक्या उघडाव्या लागतात. वाडग्यात कळीचा चुना ठेवते, तो ओल ओढतो. गाद्या, पडदे जूनच्या आधीच घरी आणते, म्हणजे आमच्या दोन खोल्यांत चार महिने त्यांचा ढीग. खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप द्यावा लागतो. आणि उंदीर! बसच्या आवारात उंदीर असणारच, आणि त्यांना वायरवरचं आवरण फार आवडतं. गाडीत अन्नाचा कण राहू द्यायचा नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात कडक नियम आहे.

ताडपत्रीची दुसरी अडचण बॅटरीला भोवते. पॅनल झाकलं गेलं की चार महिने चार्जिंग बंद. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसून कायमची निकामी होते. आमची एक जोडी अशीच गेली. उभ्या गाडीचं इंजिन जागेवरच थोडा वेळ सुरू करून भागत नाही. ते पुरतं तापेपर्यंत गाडी रस्त्यावर फिरवावी लागते, म्हणजे पुन्हा कोणीतरी काल्हेरला जायचं.

वीज हा विषय विकणारे लोक घाईत उरकतात, म्हणून थोडा हिशेब मांडते. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी उरतं ०.९ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. म्हणजे एका बॅटरीवर तो तासभरही चालत नाही. लिथियमची बॅटरी जास्त खोलवर वापरता येते, पण किंमत बरीच जास्त, आणि तिच्यावरही रात्रभर एसी चालवायचा तर अशा अनेक बॅटऱ्या जोडाव्या लागतात. कोकणात मे महिन्याच्या रात्री गाडी बंद करून आत झोपायचं असेल तर कुणाच्या तरी घरातून वायर ओढावीच लागते. आम्ही मामांच्या पडवीतून ओढतो. पंखे, दिवे, फोन आणि आईच्या औषधांचा छोटा फ्रिज एवढं बॅटरीवर छान चालतं. त्यापलीकडचं कोणी सांगितलं तर किती अँपिअर, किती तास, हे कागदावर लिहून मागा.

टायरचंही तसंच. आमच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून घेताना आम्ही निश्चिंत होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. एकाच जागी, उन्हात, भार घेऊन उभा राहिलेला टायर बाजूने बारीक तडकतो. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी अशा जड गाडीला ते टायर मी ठेवणार नाही. सगळे एकदम बदलले.

आता संडास, ज्याच्यासाठी गाडी घेतली. आत कॅसेटचा संडास आहे, म्हणजे खाली बाहेर काढता येणारी बंद टाकी. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. मग ती रिकामी कुठे करायची? परदेशात कॅम्पसाइटवर त्यासाठी वेगळी जागा असते. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गावर मला तशी एकही जागा आढळलेली नाही. आम्ही सार्वजनिक शौचालयात रखवालदाराला विचारून, पैसे देऊन, ओतून वर बादलीभर पाणी टाकतो. काही जण मदत करतात, काही सरळ नाही म्हणतात, आणि त्यांचा नकार मी समजू शकते. वहाळात किंवा शेताच्या कडेला ओतून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. ते ज्या पाण्यात ओततात त्या पाण्यावर गाव जगतं, आणि याबद्दल मला मनापासून राग येतो. गावी सेप्टिक टँक असेल तर फॉर्मॅल्डिहाइडचं रसायन वापरू नका, टँकमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते घ्या. घरी परत आल्यावर उरलेली टाकी आम्ही आमच्याच संडासात रिकामी करतो. ती आच्छादून जिन्याने वर नेतो. लिफ्टमधून नेत नाही, शेजाऱ्यांना ते बरं वाटणार नाही.

पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे भरल्यावर शंभर किलो वजन. सहलीनंतर ती पूर्ण रिकामी करून वाळवायची, नाहीतर पुढच्या वेळी पाण्याला शेवाळाचा वास. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीच्या नळावरून मी ती कधीच भरत नाही.

दुरुस्तीला एक माणूस मिळत नाही, ही दगदग कुठल्याच हिशेबात बसत नाही. इंजिनचा मेकॅनिक आतल्या वायरिंगला हात लावत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सुतारकामामागे वायर आहे, आधी फळी काढून द्या. सुतार म्हणतो, फळी काढली की परत तशी बसेल याची हमी नाही. महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, आणि त्यातल्या खराब पट्ट्यांवरून एकदा जाऊन आलं की कपाटांचे निम्मे स्क्रू सैल झालेले असतात. मी स्वतः स्क्रूड्रायव्हर, फ्यूज बदलणं आणि पाण्याची छोटी मोटर उघडणं शिकले, कारण दुसरा उपाय नव्हता. गुहागरकडच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या पाणंदीतून गाडी नेताना एकाने खाली उतरून पुढे चालायचं आणि आंब्या-फणसाच्या फांद्या बघायच्या. टपावरचं पॅनल त्यांनीच फुटतं.

कागदांचं थोडक्यात. बांधलेली गाडी घेताना आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वाहनाचा वर्ग काय लिहिला आहे ते आधी वाचा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसीवर प्रवासी गाडी आणि आत पलंग-ओटा असा प्रकार असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. अशा गाड्यांना नियमांत मोटर कॅरॅव्हॅन म्हणतात, त्यांच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, बांधणाऱ्याकडे त्याची मान्यता आहे का, विचारा. आतल्या सामानाची किंमत पॉलिसीत वेगळी नोंदवा. आणि घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत ठेवू नका. आम्ही इंडक्शनही ठेवत नाही. जेवण घरून नेतो, आत फक्त पाणी गरम होतं.

ज्यांना वर्षातून दोनदा लोणावळ्याला किंवा अलिबागला जायचं आहे त्यांना मी स्पष्ट सांगते, भाड्याने घ्या. घेताना संडासाची टाकी कोण आणि कुठे रिकामी करणार, एवढं आधी विचारून घ्या. घरात वयस्कर, आजारी किंवा अपंग माणूस असेल आणि गाडीमुळे त्याचा बंद झालेला प्रवास सुरू होणार असेल, तर खर्च दोन-तीन घरांत वाटून घ्या, आणि गाडी पाहण्याआधी तिची जागा पाहा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माझी मागणी त्यातल्या कॅरॅव्हॅन पार्कपेक्षा, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागेपेक्षा, लहान आहे. महामार्गालगतच्या एसटी आगारांत आणि पर्यटन महामंडळाच्या निवासांत एका कोपऱ्यात पाण्याचा नळ, पंधरा अँपिअरचा प्लग आणि मैल्याची टाकी ओतायला सांडपाण्याला जोडलेलं झाकणाचं तोंड एवढं द्यावं, आणि त्याचे रीतसर पैसे घ्यावेत. चिपळूणला एक झालं तरी आमचा अर्धा रस्ता सोपा होईल.