कात्रणांपासून सॉफ्टवेअरपर्यंत : आमची वाटचाल

वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या, संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे यांवर एखाद्या संस्थेविषयी जे काही प्रसिद्ध होते, ते शोधून, वाचून आणि त्याची वर्गवारी करून त्या संस्थेला सकाळीच कळविणे, तसेच त्या संस्थेचे म्हणणे योग्य पत्रकारापर्यंत वेळेत पोहोचविणे, या दोन कामांसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर तयार करते. हा व्यवसाय मुंबईत किंवा पुण्यातच चालू शकतो, असे आम्हाला प्रारंभी अनेक हितचिंतकांनी सांगितले होते. आमचा व्यवसाय नागपुरात असल्यामुळेच वाढला, असे माझे मत आहे.

ही कंपनी सुरू करण्याआधी मी एका उद्योगसमूहाच्या जनसंपर्क विभागात नोकरी करीत होते. सीताबर्डीवरून आलेला मराठी, हिंदी आणि इंग्रजी दैनिकांचा गठ्ठा सकाळी सहाच्या सुमारास टेबलावर पडत असे. त्यातून समूहाशी संबंधित मजकूर कापायचा, तो कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचा, वर दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहायचा, पट्टी लावून कॉलम सेंटिमीटर, म्हणजे मजकुराने व्यापलेली जागा, मोजायचे आणि साडेनऊच्या आत फाइल वरिष्ठांपुढे ठेवायची, असा क्रम होता. हे काम दुय्यम समजले जाई. परंतु कोणत्या तालुक्यात कोणता असंतोष साचतो आहे, हे त्या फाइलमधून जितके लवकर कळे तितके अन्य कोणत्याही अहवालातून कळत नसे. हेच काम आपण अनेक संस्थांसाठी एकत्रितपणे करावे, या विचारातून महाल भागातील एका खोलीत आमची कात्रणसेवा सुरू झाली.

नागपूरचे महत्त्व समजण्यासाठी येथील वृत्तपत्रांची रचना लक्षात घ्यावी लागते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेला ‘हितवाद’ आणि १९७१ पासून येथून निघणारा दैनिक ‘लोकमत’ यांच्यासह मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांची दैनिके या एका शहरात छापली जातात. त्यांची शहर आवृत्ती वेगळी, दूरच्या जिल्ह्यांसाठी आधी छापून निघणारी डाक आवृत्ती वेगळी, आणि वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांची पाने पुन्हा स्वतंत्र असतात. चंद्रपूरच्या पानावर चार कॉलमांत आलेली प्रदूषणाची बातमी नागपूरच्या वाचकाला दिसतही नाही, मग मुंबईतील मुख्यालयाला ती कोठून दिसणार? आणि ही बातमी तेवढ्यावर थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वृत्तपत्रातील बातमीची दखल घेऊन स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतल्याची अनेक उदाहरणे आहेत. १९५३ च्या नागपूर करारानुसार दरवर्षी येथे होणाऱ्या हिवाळी अधिवेशनात अशाच बातम्यांच्या आधारे लक्षवेधी सूचना दिल्या जातात. आतल्या पानावरील बातमी ज्या संस्थेने त्याच दिवशी वाचलेली असते, तिच्या हाती उत्तराची तयारी करण्यास वेळ राहतो. आमचे पहिले मोठे काम अधिवेशनाच्या काळातीलच होते. सकाळी सातपर्यंत अहवाल हवा, ही त्या ग्राहकाची अट होती, आणि कात्री व डिंक यांच्या साहाय्याने ती पाळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले.

ई-पेपर उपलब्ध झाल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटत होते. प्रत्यक्षात एक नवाच प्रश्न पुढे आला. देवनागरी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना संगणकासाठी समान क्रमांक देणाऱ्या मानकात, १९९१ पासूनच स्थान असले, तरी वृत्तपत्रांची पाने श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, चाणक्य अशा जुन्या फॉन्टमध्ये लावली जात. त्या पानातील ‘नागपूर’ हा शब्द निवडून दुसरीकडे चिकटविला की त्याच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे उमटत, आणि प्रत्येक फॉन्टमध्ये ती निराळी असत. आमचे पहिले सॉफ्टवेअर म्हणजे या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक होता. तो बनविताना सर्वाधिक त्रास दिला तो रफाराने आणि ऱ्हस्व इकाराने, कारण जुन्या फॉन्टमध्ये त्यांचा क्रम छपाईत दिसतो तसा असतो, तर युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे लागतो. ‘शेतकऱ्यांचा’ हा विदर्भाच्या बातम्यांमध्ये पदोपदी येणारा शब्द युनिकोडमध्येसुद्धा दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठविलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. हे एकसारखे करून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही शोध विश्वासार्ह ठरत नाही.

त्यानंतरचा टप्पा शोधाचा होता, आणि आमच्या कंपनीची खरी ओळख त्यातूनच निर्माण झाली. त्या वेळी बाजारात मिळणारी परदेशी सॉफ्टवेअरे दिलेला शब्द जसाच्या तसा शोधत. मराठीत मात्र ‘कोळसा’ हा शब्द विभक्ती लागताच ‘कोळशाचा’ होतो, ‘वीज’ची ‘विजेची’ होते आणि ‘चंद्रपूर’चे ‘चंद्रपुरात’ होते, त्यामुळे मूळ रूप शोधणाऱ्याच्या हातून बऱ्याच बातम्या निसटतात. आम्ही सामान्यरूपांची कोष्टके तयार केली, विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये सोडविणारे नियम लिहिले आणि संस्थांच्या नावांची सर्व प्रचलित रूपे एकत्र बांधली. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीविषयीची बातमी एका दैनिकात ‘वेकोलि’, दुसऱ्यात ‘वेकोली’ आणि तिसऱ्यात ‘डब्ल्यूसीएल’ या नावाने येते. नुसते ‘मनपा’ म्हटले तर विदर्भातच नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर अशा चार महानगरपालिका आहेत. बातमी नेमकी कोणत्या मनपाची, हे तिच्या आरंभीच्या गावाच्या नावावरून आणि ती ज्या जिल्ह्याच्या पानावर आहे त्यावरून ठरवावे लागते. हे नियम एखादे पुस्तक पाहून तयार झालेले नाहीत. रोज पहाटे पाने वाचणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी जे जे सुटले ते ते वहीत नोंदविले, आणि त्या नोंदींवरून अभियंत्यांनी ते लिहिले.

या सहकाऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. संगणकावर मजकूर जुळविणे सुरू झाल्यावर अनेक दैनिकांतील मुद्रितशोधकांची पदे कमी होत गेली. त्यांपैकी काही अनुभवी मंडळी आमच्याकडे आली. पानाच्या प्रतिमेतून अक्षरे ओळखण्यासाठी आम्ही टेसरॅक्ट या २००५ मध्ये मुक्त झालेल्या प्रणालीचा वापर करू लागलो, तेव्हा ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत, फिकट छपाईत तुटलेली शिरोरेषा आणि शेजारच्या कॉलममधील ओळींची सरमिसळ, या साऱ्या चुका या मंडळींनी एकेक करून दुरुस्त केल्या. दुरुस्त केलेली ती पानेच पुढे यंत्राला शिकविण्यासाठी उपयोगी पडली. २०१८ मध्ये त्या प्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर मराठी अक्षरओळख बरीच सुधारली, तरीही आमच्याकडे कोणताही प्रतिकूल अहवाल माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. मथळ्यात ‘घरचा आहेर’ असे शब्द असले तर ती टीका आहे, हे आमच्या सॉफ्टवेअरला शिकवावे लागले, आणि ‘ताशेरे’, ‘कानउघाडणी’, ‘धारेवर धरले’ यांसारख्या शब्दांची यादी आजही वाढतेच आहे.

व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत अवघड निर्णय मूल्यमापनाचा होता. बातमीने व्यापलेली जागा मोजून तिला त्याच दैनिकाच्या जाहिरातदराने गुणायचे आणि आलेली रक्कम प्रसिद्धीचे मूल्य म्हणून ग्राहकाला दाखवायची, ही या क्षेत्रातील रूढ पद्धत होती. या हिशेबाने अर्धे पान भरून आलेली टीकासुद्धा लाखो रुपयांची प्रसिद्धी ठरते. माध्यम-मूल्यमापनाच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये बार्सिलोना येथे स्वीकारलेल्या तत्त्वांत, जाहिरातदर हे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्टपणे नमूद केले. आम्ही हा आकडा आमच्या अहवालातून काढून टाकला. वार्षिक बैठकीत दाखविण्यासाठी मोठी रक्कम हवी असणारे काही ग्राहक त्यामुळे सोडून गेले, आणि ते वर्ष आर्थिकदृष्ट्या फार ओढाताणीचे गेले. त्या आकड्याच्या जागी आम्ही चार साधे प्रश्न ठेवले. बातमी कोणत्या आवृत्तीत आली, तीत संस्थेची बाजू होती का, खुलासा किती दिवसांनी छापून आला आणि तो आल्यानंतर विषय थांबला की वाढला? जे ग्राहक टिकले, ते या उत्तरांसाठी टिकले, आणि त्यांच्याच शिफारशीवरून पुढील ग्राहक मिळाले.

खुलासा उशिरा छापून येण्याचे कारण शोधताना जनसंपर्काचे सॉफ्टवेअर जन्माला आले. अनेक संस्था आपले प्रसिद्धिपत्रक सायंकाळी सात-आठ वाजता, छायाप्रतीच्या स्वरूपात आणि शहरातील सर्व दैनिकांना एकाच वेळी पाठवीत असत. तोपर्यंत दूरच्या जिल्ह्यांची पाने लागून गेलेली असतात, आणि छायाप्रतीतील मजकूर उपसंपादकाला पुन्हा टंकलिखित करावा लागतो. आमची प्रणाली गडचिरोलीचे पत्रक दुपारीच मागते, मजकूर युनिकोडबरोबर त्या दैनिकाच्या फॉन्टमध्येही देते, आणि ज्या वार्ताहराने मूळ बातमी दिली त्याच्याकडे खुलासा प्रथम पाठविते. पत्रपरिषद घेण्यापूर्वी त्या विषयावर आजवर कोणी काय लिहिले आहे, याचे टिपणही ती काढून देते. पत्रकारांचे क्रमांक आम्ही त्यांच्या संमतीनेच ठेवतो आणि कोणालाही विकत नाही.

एप्रिल २०२० मध्ये घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यावर राज्यात निर्बंध आले, आणि त्या वर्षीचे व पुढील वर्षीचे हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. आमच्या उत्पन्नाचा एक हक्काचा आधार त्यामुळे गेला. मात्र घरी बसलेल्या अधिकाऱ्यांना ई-पेपरमधून निवडून दिलेल्या बातम्यांची गरज त्याच काळात प्रकर्षाने जाणवली. रुग्णालये आणि शिक्षणसंस्था त्या वेळी प्रथमच आमच्या वर्गणीदार झाल्या. कात्रणागणिक दर आकारण्याची जुनी रीत बंद करून वार्षिक वर्गणी आम्ही तेव्हापासून सुरू केली, त्यामुळे पगाराची चिंता कमी झाली आणि परसोडीच्या आयटी पार्क परिसरात मोठी जागा घेता आली. ई-पेपरच्या अधिकृत वर्गण्या भरणे आणि ग्राहकाला सबंध अंक न देता संबंधित बातमीचा तपशील व मूळ दुवा देणे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. ज्यांच्या मजकुरावर आपला व्यवसाय उभा आहे, त्यांचा मोबदला बुडविणे आम्हाला मान्य नाही.

सध्या आमचे लक्ष तालुक्याच्या गावांतून चालणाऱ्या यूट्यूब बातमीपत्रांकडे आहे. त्यांतील निवेदन बहुधा वऱ्हाडी किंवा झाडीबोलीच्या वळणाचे असते, आणि प्रमाण मराठीवर शिकविलेली ध्वनिओळख तेथे अपुरी पडते. त्यासाठी अमरावती आणि भंडारा जिल्ह्यांतील तरुणांकडून आम्ही ध्वनिफितींचे शब्दांकन करून घेत आहोत. वरूड-मोर्शी भागातील संत्रा उत्पादकांच्या कंपन्यांसाठी कमी वर्गणीची एक योजनाही तयार होत आहे. तीत बाजारभाव, फळगळ आणि निर्यातशुल्क या तीनच विषयांवरील बातम्या रोज सकाळी मोबाइलवर मिळतील, आणि आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची) फळे बाजारात येण्यापूर्वी ती सुरू करण्याचा आमचा प्रयत्न आहे.