एका बिजागरीतले दोन तुकडे

वेंगुर्ल्यात माझं डेंटिंगचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांच्या कामात दाराच्या बिजागरीत अडकलेली पिन काढणं हे मला सगळ्यात चिवट काम वाटतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि वारा बारा महिने खारा. पिन आणि बिजागरीचं भोक यांच्यात केसभर फट असते, ओल तिथेच शिरते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे पिन आतल्या आत आवळून बसते.

यंदा गणपती झाल्यावर एक डुक्कर फियाट आली, म्हणजे जुनी फियाट ११००. पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. हिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या कडेला. १९६४ च्या डिलाइट या मॉडेलपासून ती सुलटी झाली. हिच्यात मात्र पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं मधल्या एकाच पिलरवर, म्हणजे उभ्या खांबावर, टांगलेली. असल्या गाडीवर रागाने हातोडा चालवणाऱ्याला मी माझ्याकडे कामाला ठेवणार नाही. पिलर जरासा जरी सरकला तरी एक सोडून दोन दारं बसेनाशी होतात.

मालक सत्तरीतले काका. दसऱ्याला गाडीला हार घालून बाहेर काढायची त्यांची फार इच्छा. ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडत होतं, तेही करकरत. वरच्या बिजागरीची पिन खालून कुणीतरी आधीच ठोकलेली, तिचं टोक छत्रीसारखं पसरलेलं. बारीक बारीक घाव घालत बसलं की असंच होतं: पिन हलत नाही, टोक मात्र जाड होतं आणि मग ते भोकातून जातच नाही.

पसरलेलं टोक आधी ग्राइंडरने उतरवलं. मग दाराखाली फळी ठेवून जॅक लावला. दाराचं वजन पिनेवरून काढल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच दिवशी सांगतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून रात्रभर पाजलं. सकाळी सीट आणि दाराची आतली गादी काढली, ओलं गोणपाट लावलं आणि गॅस पेटवला. तापवायची ती बिजागरी, पिन नव्हे. भोक फुगलं पाहिजे. धग असतानाच फटीला मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आत ओढलं गेलं. पोराने पिलरच्या बाजूने बिजागरीला जड लोखंडी ठोकळा दाबून धरला आणि मी खालून पंच लावून एकच घाव घातला, दणकून.

काही हललं नाही. पण दुसऱ्या घावाच्या वेळी पिनेच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं होतं, आणि बोटाला हादराच लागला नाही. पिन अखंड असेल तर खालचा घाव वर पोचायलाच हवा. मी हातोडा खाली ठेवला आणि वरून मधोमध बारीक ड्रिल घातलं. चकचकीत कीस येत राहिला, आणि बिजागरीच्या साधारण मध्यावर ड्रिल एकदम सटकन खाली गेलं. आत पोकळी होती.

काका बाकड्यावरून उठून आले. "मिस्त्रीनू, पिन भायर इली काय?"

"काकानू, ही एक पिन नाय. दोन तुकडे आसत."

दार लोंबल्यामुळे बिजागरीची भोकं एका रेषेत राहिली नसणार. अखंड पिन जाईना, म्हणून पूर्वी कुणीतरी वरून एक आणि खालून एक असे दोन तुकडे ठोकून मोकळा झाला होता. खालून मारलेला प्रत्येक घाव खालच्या तुकड्याला तिरका करून आणखी घट्ट बसवत होता.

मग ठोकणं बंद. हॅक्सॉचं नुसतं ब्लेड घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि बिजागरीच्या कड्यांमधल्या दोन्ही फटींतून पिन कापली. हाताची कातडी सोलणारं, वेळखाऊ काम, पण पिलरला धक्का म्हणून लागत नाही. दार सुटलं. बिजागरीचे दोन्ही भाग उतरवून वाईसवर घेतले: एका बाजूला पिनेपेक्षा किंचित बारीक सळी, दुसऱ्या बाजूला तुकडा पडायला सॉकेट. वाईस आवळत गेलो तशी करकर झाली, मग टक् आवाज आला आणि काळा पडलेला तुकडा सॉकेटमध्ये उतरला. काकांनी तो तळहातावर घेऊन नीट पाहिला.

बिजागरी जोडून भोकं रीमरने एका रेषेत मोठी केली आणि लेथवाल्याकडून त्या मापाची ईएन-८ पोलादाची पिन करून घेतली. कड्याला तेलासाठी बारीक भोकही पाडलं. पावसाआधी आणि पावसानंतर त्यात तेल सोडायचं, हे काकांना दोनदा सांगितलं.

गाडी दसऱ्याला बाहेर पडली. डाव्या दाराची खालची पिनही धरलेली आहे. तिला तेल पाजायला सुरुवात केलीय. दिवाळीनंतर ती काढायला घेईन, आणि ठोकण्याआधी वरच्या टोकावर बोट ठेवून बघेन.