गाडी ऑइल खाते, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘नॉर्मल आहे’

माझी पेट्रोल गाडी इंजिन ऑइल पीत होती. पार्किंगमध्ये खाली थेंब नाही, गॅस्केटच्या कडेला ओल नाही, धूर म्हणावा तर तोही दिसत नाही. आणि तरीही दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. लाल दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त असाल तर राहू नका. तो दिवा ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत आत झीज सुरू झालेली असू शकते.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर तयार होतं. “लिमिटमध्ये आहे, मॅडम.” हे लिमिट काय, तर बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये 1000 किलोमीटरला 1 लिटरपर्यंत ऑइल जळणं चालतं असं लिहिलेलं असतं. आता हिशेब करा. सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटरला, म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये 10 लिटर. छोट्या गाडीच्या इंजिनात ऑइल मावतं साधारण 4 लिटर. म्हणजे अख्खं इंजिन दोनदा रिकामं झालं तरी गाडी कागदोपत्री ठणठणीत! वर प्रश्न, “गाडी जोरात पळवता का?” जोरात पळवली की ऑइल थोडं जास्त जळतं हे खरं आहे. पण त्यांनी तो प्रश्न माहितीसाठी विचारला नव्हता.

मी ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागितली आणि तिथून खरा छळ सुरू झाला. पद्धत सोपी आहे: नवं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, ड्रेन प्लग, फिलर कॅप आणि डिपस्टिकला सील लावायचं, ठरलेले किलोमीटर चालवून आणायची आणि किती कमी झालं ते मोजायचं. आमच्याकडे ऑइल भरलं तेव्हा गाडी उतारावर उभी होती. परत नेली तेव्हा सपाटीवर. हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडून माणसं गंभीर चेहऱ्याने बोलत होती. पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खेपेला फिलर कॅपवर सीलच नव्हतं, आणि मधल्या एका किरकोळ कामात कुणीतरी प्रेमाने ऑइल टॉप-अप करून टाकलं. जॉबकार्डवर नोंद शून्य. टेस्ट बाद. “आता परत 1000 चालवून आणा.” जणू मला दुसरं कामच नाही.

त्यानंतर मी हट्टच धरला. आकडे माझ्यासमोर जॉबकार्डवर लिहायचे, आणि शेवटी डोळ्यांनी डिपस्टिक न बघता ऑइल काढून वजन करायचं. 1 लिटर इंजिन ऑइल साधारण 850 ग्रॅम भरतं, भरताना आणि काढताना वजन केलं की वादच उरत नाही. फिल्टरमध्ये राहणारं ऑइलही धरायचं. हे ऐकून काउंटरवरचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आकडा निघाला 700 मिलीच्या आसपास. निकाल? लिमिटमध्ये. पण तो आकडा कागदावर आला, आणि मी तो कागद घेऊन बाहेरच्या मेकॅनिककडे गेले.

तिथे सगळं भराभर झालं. रात्रभर उभी गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर येतो का? उतारावर ॲक्सिलरेटर सोडून मग पुन्हा दाबला की येतो का? तसं असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या रबरावर. जोर लावताना येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. टर्बो असेल तर त्याचे सीलही बघावे लागतात. आधी स्वस्तातलं म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला. इंजिनात साठणारे वायू परत जाळायला पाठवणारी ही झडप; ती उघडी अडकली की ऑइलची वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, ओढली जाते. फरक पडला नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये धरला जाणारा दाब, चारही सिलिंडरला छान आलं. इथे बरेच जण “रिंगा चांगल्या आहेत” म्हणून थांबतात. कॉम्प्रेशन धरतात वरच्या रिंगा; सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग, आणि ती कार्बनने चिकटली तरी कॉम्प्रेशनचा आकडा उत्तम येऊ शकतो. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तेव्हा दोन पिस्टनच्या डोक्यावर ओला काळा कार्बन दिसला.

अशा वेळी थेट इंजिन खोलण्याची भाषा होते. या मेकॅनिकने पिस्टनवर कार्बन विरघळवणारं केमिकल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी प्लग न लावता, भोकांवर फडकं टाकून इंजिन फिरवलं, कारण आत द्रव राहून इंजिन सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. हा उपाय प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. रिंग झिजलेली असेल तर इंजिन खोलावंच लागतं. माझ्या गाडीचा खप निम्म्याहून खाली आला आणि पुढचं ऑइल लवकर बदलल्यावर आणखी उतरला.

सांगायचं राहिलं: “जाड ऑइल टाका, थांबेल” हा सल्ला सगळीकडे मिळतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नका. आणि “जळतंय तर जळू दे, वरून टाकत राहू” हेही नको; ऑइलमधल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) हळूहळू निकामी होतो, प्लगही काळे पडतात. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलं तर ते ऑइलही इनटेकमध्ये जाऊन जळू शकतं. डिपस्टिक बघायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, एकदा पुसून पुन्हा घालून. सोबत किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, काउंटरवर तोच कामाला येतो.